जोडणीच्या वेळचा चहा

मामाजी,

तुमची तेरवी परवा झाली. पंगत मोठी बसली. दारव्ह्याच्या बाजारपेठेतले लोक आले, कापसाच्या जिनातले तुमचे जुने सोबती आले, ज्यांच्या विहिरींवर तुमच्या दुकानातून गेलेल्या मोटरी चालतात ते शेतकरी आले. आणि जो तो बुंदीचा घास घ्यायचा आणि म्हणायचा, "उस्ताद गेले, विद्या संगं घेऊन गेले." मी डोक्यावर पदर घेऊन वाढत होते. तेच ते इतक्यांदा ऐकलं की हातातलं वरणाचं भगोणं मी जरा जोरातच खाली ठेवलं. दोन-चार माणसांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा जेवायला लागली.

घरातलं वडीलधारं माणूस गेलं की सुनेनं डोळ्यांना पदर लावावा आणि त्यांच्या मायेच्या चार गोष्टी सांगाव्यात. मी रडले, ते खरं आहे, पोटातून रडले. पण तुम्ही गेलात म्हणून तुमचं सगळं बरोबर होतं, असं काही मी म्हणणार नाही. तुमचं माझं भांडण होतं आणि ते अजून मिटलेलं नाही. आता मध्येच "चाय ठेव वं बाई" म्हणून मला आत पाठवायला तुम्ही नाही. तेव्हा आज माझं सगळं ऐकून घ्या.

विदर्भ मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्या वर्षी मी लग्न होऊन कळंबहून या घरात आले. तुम्ही जिनातल्या इंजिनघराची नोकरी नुकतीच सोडली होती आणि घराच्या पुढच्या खोलीत मोटर भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार घालायचं, दुकान मांडलं होतं. गावात विजेचे खांब यायचे होते. जिनाचा डायनॅमो, जत्रेत येणाऱ्या टुरिंग टॉकीजचं जनरेटर, यवतमाळहून पोत्यात बांधून आलेला एखादा पंखा, अशी कामं यायची. माझ्या माहेरी जळालेली वस्तू फेकून द्यायचे. इथे जळालेल्या वस्तूंवरच चूल पेटत होती, याचं मला फार नवल वाटायचं.

सासूबाईंनी मला या घरची भाजी शिकवायच्या आधी कॉइल गुंडाळायला शिकवलं. लाकडी फर्म्यावर तांब्याची तार, एक वेढा दुसऱ्यावर चढता कामा नये, बोट सैल पडता कामा नये. मग मोटरीत कॉइल बसते त्या खाचेच्या मापानं कडक कागद कापायचा. बायकांची बोटं बारीक, म्हणून हे काम मधल्या खोलीत, बायकांचं. तयार कॉइल टोपलीत घालून उंबरठ्यावर ठेवायच्या. त्या तुम्ही उचलून न्यायचात. उंबरठ्यापलीकडे दुकान, आणि तिथे बाईचं काम नाही. सासूबाई तुमच्या जिनातल्या दिवसांपासून कॉइल गुंडाळत होत्या, आणि एकही मोटर फिरताना न पाहता गेल्या. तुमच्या हातची म्हणून लोक जी मोटर दाखवतात, तिच्या पोटात त्यांची बोटं आहेत. हे पंगतीत कोणीच बोललं नाही.

आणि जोडणी. तुम्हाला जोडणी मी काय सांगायची! पण तुम्ही ती मला कधी सांगितली नाहीत, म्हणून आता माझ्या तोंडून ऐका. मोटरीच्या लोखंडी कड्याला आतून खाचा असतात. खाचांत कॉइल बसल्या की प्रत्येकीची दोन टोकं वर राहतात, न्हाऊन आलेल्या पोरीच्या केसांसारखी मोकळी. त्यातलं कोणतं टोक कोणाला जोडायचं, कोणतं बाहेर काढायचं, यात सगळी विद्या. एक टोक चुकलं तर मोटर फिरत नाही. नुसती घुमते, तापते आणि पुन्हा जळते. बरोबर आहे ना?

ही जोडणी करायची वेळ आली की तुमचा आवाज आत यायचा. "गोविंदा, जाय, चाय सांग. अन् संगंच घेऊन येजो." गोविंदा राठोड म्हणजे तुमचा चेला, जवळच्याच तांड्यावरचा, चांगला मिशीवाला, लग्न झालेला बाप्या. तो माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायचा आणि मान वळवून वळवून दुकानाकडे पाहायचा.

"वहिनी, जरा घाई करा ना."

"पाणी आत्ता ठेवलं रे बापा. मी काय फुंकून उकळवू?"

"तोवर उस्ताद टाके झाकून टाकतात."

आणि खरंच, तो कप घेऊन जाई तोवर टोकं जोडलेल्या सगळ्या टाक्यांवर कापडी नळ्या चढलेल्या असायच्या, वरून दोऱ्यानं घट्ट आवळलेलं असायचं. काय कुठे गेलं, काही दिसायचं नाही. पहिली काही वर्षं मला वाटायचं, मामाजींना चहाचा भारी शौक. मग कप विसळताना लक्षात आलं की जोडणीच्या वेळचा तुमचा चहा तसाच असायचा, साय धरलेला. तुम्हाला चहा नकोच असायचा. गोविंदाला दूर करायचं असायचं, आणि त्यासाठी माझी चूल कामाला लागायची.

एकदा संक्रांतीला तुम्ही खुशीत होता तेव्हा तुमची कथा सांगितली होती. जिनातला तुमचा उस्ताद तुम्हाला बिडी आणायला धाडायचा. "बिडी आनली त् म्हने काडी आन. काडी आनली त् म्हने पानी आन." मग तुम्ही इंजिनघराच्या पत्र्याच्या फटीला डोळा लावून पाहिलं, आणि एकदा सापडलात तेव्हा त्यानं अशी कानाखाली दिली की त्या कानानं तुम्हाला शेवटपर्यंत कमी ऐकू यायचं. ते सांगून तुम्ही हसलात. मला काही हसू आलं नाही. मग तुम्ही म्हणालात, "मले कोनं शिकवलं? मी चोरून शिकलो. ज्याले पाह्यजे थो चोरून शिकंल."

ठीक आहे, म्हटलं मनात. शब्द तुमचाच.

मामाजी, तुम्ही एक चूक केलीत. नवी जोडणी झाकायचात, चेल्यापासून झाकायचात, सख्ख्या पोरापासूनही झाकली असती, पण तुमचा पोरगा पडला शाळामास्तर, त्याला मोटरीचं काडीचं वेड नाही. आणि जळालेली मोटर मात्र सरळ माझ्या अंगणात आणून टाकायचात. "सोल वं बाई हिले." मोटर सोलणं म्हणजे हलकं काम, बायकांचं. आचेवर वार्निश मऊ करायचं, छन्नीनं कॉइलची डोकी उडवायची, तार ओढून काढायची. तो जळका वास केसांतून जाता जायचा नाही. पण छन्नी मारायच्या आधी मी दोरे कापायचे, नळ्या सरकवायचे आणि निवांत बघत बसायचे. कॉइल काळ्या पडल्या तरी कोण कोणाला धरून आहे ते दिसत होतं. कधी नागपूरच्या हातची जोडणी, कधी कंपनीची, कधी तुमचीच. एवढी मोठी शाळा तुम्ही माझ्या अंगणात भरवलीत आणि तुम्हाला कधी सुचलंही नाही, की जळालेल्या मोटरीकडेही कोणी बघू शकतं.

लक्षात कसं ठेवायचं, हा प्रश्न होता. मास्तरांच्या घरात कागद-पेन्सिलीला काय तोटा! पण कागद कोणाच्या तरी हाती लागतो. रांगोळी वाऱ्याधुळीनं संध्याकाळपर्यंत पुसून जाते, आणि रोज काढली की हाताला पाठ होते. म्हणून सकाळी सडा टाकला की दुकानाच्या दारासमोर मी गोलात ठिपके द्यायचे, मोटरीला खाचा असतील तितके. मग या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत रेघ, इथून वळण, तिथून बाहेर. शेजारणी म्हणायच्या, "काय वं शांता, रोज गोलच काढतं? कमळ काढ, मोर काढ." मी म्हणायचे, मले मोर येत नाई. तुम्ही रोज त्या रांगोळीला वळसा घालून दुकानात शिरायचात. सगळेच घालतात.

महाराष्ट्र झाला, त्यानंतर खांब आले, विहिरींवर पंप बसू लागले आणि दुकानात मोटरींची रांग लागली. तेव्हाच यवतमाळला वायरमनचं, मोटर भरायचं सरकारी शिक्षण मिळतं, असं गोविंदा कुठूनसं ऐकून आला. शिकून परीक्षा दिली की हातात प्रमाणपत्र, मग परवाना, मग वीजखात्यात नाहीतर कारखान्यात नोकरी. तुम्ही भडकलात. "पुस्तक वाचून करंट कळते काय रे?" तो खाली मान घालून ऐकत राहिला आणि गेलाच. त्यानं केलं ते बरं केलं. तुमच्याकडे राहता तर म्हातारा होईस्तोवर चहाच आणत राहिला असता.

मग तो सुट्टीत भेटायला आला तो दिवस. दुकानाच्या पायरीवर बसून भोळेपणानं म्हणाला, "उस्ताद, तिथं त् जोडणी फळ्यावर काढून देतात. खडूनं. अन् म्हन्तात, समजलं नाई त् पुन्हा विचारा." मी दाराआड होते. तुमचा चेहरा मला दिसत होता. तुमच्या हातातला पाना तसाच हातात राहिला. जे तुम्ही एक कान देऊन, फटीला डोळा लावून मिळवलं, जे उभा जन्म झाकून ठेवलं, ते तिथे वर्गभर पोरांसमोर खडूनं काढत होते आणि वर विचारा म्हणत होते. त्या क्षणी मला तुमची फार दया आली, मामाजी. तुमचे पाय धरावेसे वाटले. मग तुम्ही म्हणालात, "फळ्यावरची मोटर जळत नाई." बोललात मात्र झकास.

गोविंदा गेल्यावर मी उंबरठ्याशी आले आणि पहिल्यांदा तुमच्यासमोर तोंड उघडलं. तुम्हाला आठवत असेल.

"मामाजी, मंग मलेही शिकवा."

"तुले कायले पाह्यजे?"

"कॉइल कोन करते?"

"कॉइल म्हन्जे सूत गुंडाळनं. बाईच्या हातची जोडणी म्हटल्यावर लोक मोटर आनतीन काय?"

"आता कोनाच्या हातची नेतात, थे तरी लोकायले मालूम हाये काय?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागानं नाही, दचकून. जणू भिंतीतून आवाज आला. आणि मग म्हणालात, "चाय ठेव."

त्या दिवशी मी चहा ठेवला नाही. मधल्या खोलीत जाऊन फर्म्यावर तार गुंडाळत बसले. तुम्हीही पुन्हा मागितला नाहीत. संध्याकाळी हे शाळेतून आले तर घरात इतकं गप्प की त्यांनी विचारलं, कोणाची तब्येत बिघडली का.

पुढे तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. तुम्ही मानायला तयार नाही. फुलसावंगीकडचा एक शेतकरी बसच्या टपावर मोटर घालून आला, ऊस उभा होता त्याचा, पाण्यावाचून चिमत होता. तुम्ही जोडणी केली, खटका दाबला, मोटर नुसती घुमली. तुम्ही तारेला शिव्या दिल्या. सगळं सोडून पुन्हा जोडलं, पुन्हा तेच. तो बिचारा बाजारात चक्कर मारून येतो म्हणून गेला आणि तुम्ही आत येऊन डोळ्यांवर पंचा टाकून पडलात. मी खटका बंद आहे ना ते पाहिलं आणि उंबरठा ओलांडला. दोरा सोडला, नळ्या सरकवल्या. एका कॉइलचं टोक आपलं घर सोडून शेजारणीला जाऊन मिळालं होतं. ते सोडवून जागच्या जागी जोडलं, होतं तसं झाकलं आणि आत आले.

तुम्ही उठलात, खटका दाबलात, मोटर फिरली. तिचा आवाज माझ्या कानात अजून आहे. शेतकरी परत आला तेव्हा तुम्ही त्याला म्हणालात, "पाह्यलं? उस्तादचा हात हाये." आणि मग आत आवाज दिलात, "चाय आन वं बाई."

मी चहा आणला. साखर घातली नाही. मुद्दाम घातली नाही. पाहुण्याच्या कपात दोन चमचे, तुमच्या कपात एक दाणा नाही. आणि तुम्ही, साय धरेपर्यंत चहा विसरणारे, तो कप शेवटच्या घोटापर्यंत प्यायलात आणि म्हणालात, "चाय बरी झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी सडा-रांगोळी करून मी तुळशीपाशी होते. तुम्ही दुकानाकडे निघालात. रांगोळीला वळसा घालायच्या ऐवजी थांबलात, वाकलात, इतके वाकलात की मला वाटलं पडता की काय. मग काठीच्या टोकानं एक रेघ पुसलीत आणि काही न बोलता दुकानात शिरलात. मी धावत जाऊन पाहिलं. हळू फिरणाऱ्या मोटरीची जोडणी मी घाईत काढली होती, आणि तेवढी एक रेघ चुकीची होती.

म्हणजे तुम्हाला कळत होतं. कधीपासून, मामाजी? पहिल्या वर्षापासून? की आदल्या दिवशीच्या बिनसाखरेच्या चहापासून? मी कोणाला सांगितलं तर लोक म्हणतील, काय सासरा होता, मुक्यानं शिकवलं. मी नाही म्हणणार. तुम्हाला तोंड होतं. गिऱ्हाइकाशी तासभर बोलायचात, तुमच्या त्या जिनातल्या गोष्टी सांगायचात. मला एक वाक्य सांगायला काय झालं होतं? "येते तुले" एवढंच. एवढ्यावर मी सगळं माफ केलं असतं. काठीच्या टोकानं माफी मिळत नसते. पण खोटं कशाला बोलू, ती पुसलेली जागा मी त्या दिवशी झाडली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दुसरीकडून जायला सांगत होते.

तर आता परवाचं ऐका. पंगती उठल्या आणि तुमचा पुतण्या रामदास ओसरीवर बसून म्हणाला, "वहिनी, दुकान भाड्यानं देऊन टाका. किरानावाला तयार हाये. उस्तादबिना कायचं दुकान?" तो बोलत होता माझ्याशी, पाहत होता यांच्याकडे. यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तिले विचार." माझा नवरा मोटरीच्या बाबतीत अडाणी आहे, पण माणूस चांगला आहे. तुमच्याहून चांगला, असंही आज म्हणून टाकते.

मी म्हटलं, "दुकान चालन. जोडणी मले येते."

कोणीतरी हसलं. रामदास म्हणाला, "कोनं शिकवली?"

मामाजी, मी तुमचं नाव घेऊ शकले असते. तेरवीचा दिवस, सगळे भरल्या डोळ्यांनी बसलेले. उस्तादानं शिकवली म्हटलं असतं तर कोणी एक शब्द विचारला नसता. सगळ्यांनी मान डोलावली असती आणि दुकान माझं झालं असतं. मी नाही घेतलं. मी म्हटलं, "जळालेल्या मोटरीनं शिकवली. पाह्याची असन त् उद्या या."

ते काल आले. मला वाटलं होतं दोघे-तिघे येतील. दार भरून माणसं. त्यांच्यामागे कधी नव्हे त्या शेजारणी, डोक्यावर पदर ओढून. तुम्ही आजारी पडलात तेव्हा अर्धी राहिलेली मोटर टेबलावर तशीच होती, कॉइल भरलेल्या, टोकं मोकळी. जोडणी चुकली असती तर आज किराणावाल्याच्या गोण्या उतरल्या असत्या. गोविंदा यवतमाळहून तेरवीला आला तो थांबला होता. आता त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे, नोकरी आहे. रामदास त्याला म्हणाला, "तूच करून दे ना बापा, तुले त् सरकारनं शिकवलं." गोविंदा म्हणाला, "मले येते. पन् हे वहिनीचं काम हाये. मी पाह्यतो."

मी तुमच्या स्टुलावर बसले. पदर खोचला. पहिलं टोक हातात धरलं आणि गोविंदा सवयीनं उठला.

"वहिनी, आत चाय सांगू काय?"

सगळे हसले, त्यालाही हसू आलं. आणि मला असा राग आला, मामाजी, तुमचा, तुमच्या उस्तादाचा, त्या पत्र्याच्या फटीचा, की हातातलं टोक मी सोडून दिलं. म्हटलं, थांबा सगळे. आत गेले, मोठं पातेलं चढवलं, सगळ्यांपुरता चहा केला. यांनी कपबशा वाटल्या. बाहेर उभ्या बायांनाही दिला. सगळ्यांचं पिऊन झालं, कप खाली ठेवले गेले, कोणी कुठे जायचं राहिलं नाही, तेव्हा मी पुन्हा बसले आणि म्हटलं, "आता पाह्या. हे टोक इथं. हे काहून इथं, थे सांगते."

एकेक टाका मोठ्यानं सांगत गेले. नळ्या चढवायच्या आधी मोटर सगळ्यांसमोर फिरवून दाखवली. आवाजात कुठे खरखर नाही, घुमणं नाही. फिरली, मामाजी. तुमच्या हातची नाही, माझ्या हातची. रामदासनं किराणावाल्याचा विषय पुन्हा काढला नाही. शेजारची कमला मात्र पुढे सरकून म्हणाली, "माह्या ध्यानात नाई आलं वं, पुन्हा एकदा सांग." मी पुन्हा सांगितलं.

गोविंदा म्हणतो, त्या सरकारी शिक्षणाला आजवर कोणा बाईनं अर्जच केला नाही. मी करणार आहे. नाही म्हणाले तर पुन्हा करीन. आणि तोवर या दुकानात जो येईल त्याला, जी येईल तिला, जोडणी दाखवली जाईल. तुम्हाला हे पटणार नाही. नका पटवून घेऊ. यापुढे इथे चहा जोडणीच्या आधी होईल.

काल सगळे गेल्यावर पातेल्यात एका कपापुरता चहा उरला होता. सवयीनं मी तुमच्याच वाट्याचा केला होता. तो तुमच्या फोटोपुढे ठेवावा, असं मनात आलं. पण ठेवला असता तर त्याच्यावर पुन्हा साय धरली असती. म्हणून मी दुकानात आले, तुमच्या स्टुलावर बसले आणि तो मीच प्यायले, गरम होता तोवर. साखर घातली होती.